व्हिडिओ काढून टाकलास, पण वाक्य अजून फिरतंय

‘ताई, नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात राहते, वय ३४. लॉकडाऊनमध्ये सहज म्हणून भाकरी थापतानाचा व्हिडिओ टाकला आणि हळूहळू चॅनल वाढत गेलं. आज ९२ हजार लोक जोडलेले आहेत. गेल्या वर्षी एका कंपनीने शुगर कमी करणाऱ्या पावडरीचं कोलॅब दिलं. १८ हजार रुपये आणि दोन डबे. स्क्रिप्ट त्यांचीच होती : “माझ्या सासूबाईंची शुगर आता कंट्रोलमध्ये आहे.” सासूबाईंना शुगर आहे हे खरं, पण त्यांनी त्या पावडरीचा एक चमचाही घेतलेला नाही. ही जाहिरात आहे असं मी कुठंच लिहिलं नाही, कारण कंपनीचा माणूस म्हणाला, लिहिलं की रीच पडते, व्हिडिओ कमी लोकांपर्यंत पोचतो. मागच्या महिन्यात हळदीकुंकवाला ओळखीतली एक जण म्हणाली, “तुझं बघून आमच्या आईनं पावडर चालू केली, गोळ्या बंद केल्या. पाच दिवस ॲडमिट होती.” ती रागावली नाही. उलट म्हणाली, “तुझा काय दोष?” त्याच रात्री मी व्हिडिओ काढून टाकला. नवरा म्हणतो, विषय संपला, आता गप्प बस. पण नातेवाईक अजून सासूबाईंना फोन करून पावडरीचं विचारतात, आणि माझी लाज राखायला त्या “हो, फरक पडतो” म्हणतात. चॅनलच्या पैशांवर मुलाची फी जाते. खरं सांगितलं तर लोक सोडून जातील. व्हिडिओ काढलाय, तेवढं पुरे नाही का?
— एक सुगरण’

प्रिय सुगरण,

नाही, पुरे नाही. तुझ्या पत्रातच त्याचं कारण आहे. व्हिडिओ जाऊन महिना झाला आणि फोन अजून येताहेत. म्हणजे वाक्याला आता व्हिडिओची गरज उरलेली नाही. ते एका स्वयंपाकघरातून दुसऱ्या स्वयंपाकघरात, भिशीतून भजनी मंडळात, जावेकडून नणंदेकडे पोचलंय. ‘अमक्या पावडरीनं शुगर उतरते म्हणे.’ त्या ‘म्हणे’मध्ये तुझं नावही राहिलेलं नसेल.

हे असं का होतं, यावर एक जुना आणि फार सुंदर प्रयोग आहे. १९५१ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठात कार्ल हॉवलँड आणि वॉल्टर वाइस या दोघांनी विद्यार्थ्यांना काही लेख वाचायला दिले. लेख तेच, पण काहींना सांगितलं की हे एका विश्वासू माणसाचं म्हणणं आहे, आणि काहींना सांगितलं की हे ज्याच्यावर तुमचा विश्वास नाही अशा ठिकाणी छापून आलंय. अणुशक्तीवर चालणाऱ्या पाणबुडीबद्दलचा लेख एका गटाला शास्त्रज्ञ ओपेनहायमरच्या नावानं दिला, दुसऱ्याला सोव्हिएत रशियाच्या ‘प्रावदा’ या वर्तमानपत्राच्या नावानं. लगेच विचारलं तेव्हा अपेक्षेप्रमाणेच विश्वासू नावाचा प्रभाव कितीतरी जास्त होता. चार आठवड्यांनी पुन्हा विचारलं, तर दोन्ही गटांतला फरक जवळजवळ मिटलेला. काय सांगितलं होतं ते लोकांच्या डोक्यात राहिलं, कोणी सांगितलं होतं ते बाजूला पडलं. पुढे १९५३ साली हॉवलँडनेच हर्बर्ट केलमनबरोबर आणखी एक पाऊल टाकलं. काही आठवडे गेल्यावर त्यांनी काही जणांना मुद्दाम आठवण करून दिली की हे अमक्यानं सांगितलं होतं बरं का. आठवण दिल्याबरोबर मिटलेला फरक परत आला.

तुझ्या बाबतीत याचा अर्थ मला फार सरळ दिसतो. तू व्हिडिओ काढलास तेव्हा वाक्य पुसलं गेलं नाही, फक्त त्या वाक्याचा धनी पुसला गेला. आता ते बेवारस हिंडतंय, आणि बेवारस वाक्याला कोणी जाब विचारत नाही. त्याला पुन्हा तुझं नाव चिकटलं पाहिजे : ‘हे मी बोलले होते, पैसे घेऊन बोलले होते, आणि ते खरं नव्हतं.’ हे डॉक्टरांनी किंवा वर्तमानपत्रानं सांगितलं तर निम्मासुद्धा उपयोग होणार नाही. ज्या ओट्यापाशी उभं राहून बोललीस त्याच ओट्यापाशी, त्याच तोंडानं बोलावं लागेल.

माझ्या वडिलांचं किराणा दुकान होतं. मी नववी-दहावीत असताना एका फिरत्या विक्रेत्यानं त्यांना सुट्या चहाची पोती स्वस्तात दिली. वडिलांनी स्वतः तो चहा नीट करून पाहिला नाही, आणि आठवडाभर प्रत्येक गिऱ्हाइकाला ‘नवीन आलाय, कडक आहे, घेऊन बघा’ म्हणत राहिले. मग एका बाईनं चिमूटभर पूड थंड पाण्यात टाकून आणून दाखवली. पाणी क्षणात तांबडं झालं होतं. रंग दिलेला चोथा. दुकानाच्या दारात एक पाटी असायची, तिच्यावर रोज गुळाचा आणि तेलाचा भाव लिहिलेला असे. वडिलांनी भाव पुसले आणि तिथंच लिहिलं, ‘मागच्या आठवड्यात दिलेला चहा खराब आहे. पिऊ नका. परत आणा, पैसे घेऊन जा.’ महिनाभर पाटीवर तेवढंच होतं. गिऱ्हाइकं भाव तोंडी विचारायची. माझी आई म्हणायची, जे आले त्यांना पैसे दिलेत, आता पुसा ते, लाज वाटते. वडील म्हणायचे, जे अजून आले नाहीत त्यांच्यासाठी आहे ती पाटी. दोन घरं त्यानंतर आमच्याकडे कधीच आली नाहीत. हे मुद्दाम सांगतेय, कारण ‘खरं बोललीस की सगळे परत येतील’ असं वचन मला तुला द्यायचं नाही.

आता त्या ‘तुझा काय दोष?’कडे येते. तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात जड गेलेलं वाक्य तेच. ती शिव्या देती तर तुला सोपं गेलं असतं. ती तुला दोष देऊ शकत नाही, कारण तिच्या लेखी तू घरची आहेस. तीन-चार वर्षं रोज सकाळी तिनं तुझे हात पाहिलेत. पीठ कसं मळतेस, भाकरी उलटताना पाणी कसं फिरवतेस, शेंगदाण्याची चटणी कुटताना घाम कसा पुसतेस. तू तिला फारशी ओळखत नव्हतीस, ती मात्र तुला पुरती ओळखत होती. याही गोष्टीला १९५६ सालीच नाव मिळालंय. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अभ्यासकांनी रेडिओ आणि टीव्हीवरच्या निवेदकांबद्दल लिहिताना तिला ‘दूरवरची जवळीक’ म्हटलं. तेव्हा तो निवेदक स्टुडिओत बसलेला असायचा. तू तर स्वतःच्या चुलीपाशी बसलेली असतेस, मागं कुकरची शिट्टी होते, मुलगा मधेच डोकावतो. ही जवळीक खोटी आहे असं मी म्हणणार नाही. तुझी भाकरी खरी आहे, तुझ्याकडून शिकून कित्येक मुलींना भाकरी जमायला लागली असेल. चूक झाली ती एवढीच, आणि ती मोठी आहे : लोकांनी तुझ्या हातावर विश्वास ठेवला होता, आणि तू तो विश्वास ज्याला तुझा हातच लागला नव्हता अशा डब्याला देऊन टाकलास. भाकरी बिघडली तर पीठ वाया जातं. इथं एका म्हातारीच्या गोळ्या सुटल्या.

‘सगळेच करतात’ असं तू लिहिलं नाहीस, पण ते मनात येत असणार, म्हणून कायद्याचं थोडक्यात सांगते. मधुमेह बरा करतो किंवा आटोक्यात आणतो अशी जाहिरात करण्याला १९५४च्या औषधे आणि जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यानं मनाई आहे. मधुमेहाचं नाव त्या कायद्याच्या यादीतच आहे. शिवाय तो कायदा फक्त कंपनीला धरत नाही, अशा जाहिरातीच्या प्रसिद्धीत भाग घेणाऱ्या कोणालाही धरतो. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं फसव्या जाहिरातीत चेहरा देणाऱ्याला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत, आणि एक ते तीन वर्षांपर्यंत जाहिराती करायला बंदी. यातून सुटका एकाच माणसाला आहे, ज्यानं दावा खरा की खोटा याची आधी नीट खातरजमा केली होती. मे २०२४मध्ये भारतीय वैद्यक संघटनेच्या याचिकेवर बोलताना सर्वोच्च न्यायालयानंही स्पष्ट केलं की फसव्या जाहिरातीला नट-नट्या आणि सोशल मीडियावरचे इन्फ्लुएन्सर तेवढेच जबाबदार आहेत. आणि ‘लिहिलं की रीच पडते’ म्हणणाऱ्या त्या माणसाला हे नक्की ठाऊक असणार की भारतीय जाहिरात मानक परिषदेनं २०२१पासून आणि केंद्र सरकारच्या ग्राहक खात्यानं जानेवारी २०२३पासून ‘ही जाहिरात आहे’ असं लिहिणं बंधनकारक मानलंय. फुकट मिळालेला डबाही त्यात मोबदलाच धरतात. रीच पडली असती तर ती त्याची पडली असती. आजारी पडली ती तुझ्या ओळखीतल्या बाईची आई.

हे घाबरवायला लिहिलं नाही. पण कॅमेरा लावण्याआधी एकदा वकिलाला भेट. खर्चाची काळजी करू नकोस. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, आणि स्त्रियांना तिथं मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. कंपनीबरोबरचा करार, ती स्क्रिप्ट, व्हॉट्सॲपवरचं सगळं बोलणं आणि बँकेतली १८ हजारांची नोंद घेऊन जा. यातलं काहीही डिलीट करू नकोस. मूळ व्हिडिओचीही एक प्रत ठेव. करारात ‘ब्रँडची बदनामी करणार नाही’ असं कलम असण्याची शक्यता आहे. म्हणून काय शब्द वापरायचे ते वकिलाकडून तपासून घे. सांगायचं की नाही, हे मात्र त्याला विचारायला जाऊ नकोस. तो ठरवायचा प्रश्न तुझा आहे, आणि तुझं पत्र वाचून मला वाटतं की तू तो ठरवून मगच मला लिहिलंस.

त्याही आधी त्या म्हातारीच्या घरी जा. मोबाइल पिशवीत ठेव, तिथं काही शूट करायचं नाही. तिच्या गोळ्या परत सुरू झाल्या का, डॉक्टरांनी काय सांगितलंय, पावडर अजून घरात आहे का, हे विचार. आणि तिला समोर बसून सांग की सासूबाईंनी ते कधीच घेतलं नव्हतं. दवाखान्याचं बिल किती झालं तेही विचार. ते १८ हजार तुझ्या घरात राहू नयेत असं मला मनापासून वाटतं. फीचा प्रश्न मला कळतो, एकरकमी जमत नसेल तर हप्त्यानं दे. ती नको म्हणेल. दोनदा तरी आग्रह कर.

मग व्हिडिओ. रडू आलं तर येऊ दे, पण रडण्यासाठी लावू नकोस. मागं संगीत नको, ‘एक महत्त्वाची गोष्ट’ असलं कोडं घालणारं शीर्षक नको, पावडरीचं नाव चघळत बसायला नको. ‘कुणाची मनं दुखावली असतील तर क्षमा’ हे वाक्य तर मुळीच नको. कोणाचं मन दुखावलेलं नाही, एकीची तब्येत बिघडली आहे. मला सुचतं ते असं काहीसं, तू तुझ्या बोलीत कर :

‘गेल्या वर्षी मी शुगरच्या पावडरीचा व्हिडिओ टाकला होता. ती जाहिरात होती. मला त्याचे १८ हजार रुपये मिळाले होते, आणि ते मी तुम्हाला सांगितलं नाही. माझ्या सासूबाईंनी ती पावडर कधीच घेतली नव्हती. मी खोटं बोलले. कुणी माझं बघून गोळ्या बंद केल्या असतील तर आजच्या आज डॉक्टरांकडे जा. तुमच्या ओळखीत कुणाला हे माझ्या नावानं सांगितलं असेल, तर आता हेही सांगा. माझं चुकलं आणि मी माफी मागते.’

मिनिटभरसुद्धा लागणार नाही. हा व्हिडिओ चॅनलच्या अगदी वर पिन करून ठेव आणि निदान महिनाभर तिथून हलवू नकोस, पाटीसारखा. कमेंट बंद करू नकोस. लोक बोलतील, काही फार वाईट बोलतील. प्रत्येकाला उत्तर द्यायची गरज नाही, पण जो विचारेल की ‘माझे वडील अजून ती घेताहेत, काय करू?’ त्याला उत्तर दे, तेही त्याच दिवशी. व्हॉट्सॲपवरच्या ज्या ज्या ग्रुपमध्ये तो जुना व्हिडिओ गेला होता, तिथं हा नवा स्वतः टाक. वाक्य ज्या वाटेनं गेलं त्याच वाटेनं त्याच्या मागं जायचंय.

एक फोन आणखी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ती कंपनी आज दुसऱ्या कुणाच्या तरी सासूबाईंची शुगर कंट्रोलमध्ये आणत असेल. स्क्रिप्ट तुझ्याकडे आहे, म्हणजे पुरावाही तुझ्याकडे आहे. वकिलाला विचारून ती तक्रारही कर.

लोक जातील का? काही जातील. ब्रँडवाले तर नक्की बिचकतील, काही महिने काम मिळणार नाही असं धरूनच चाल, आणि घरात नवऱ्याबरोबर बसून तसा हिशोब मांड. त्याच्या भीतीला मी हलकं समजत नाही. घर चालवायचं म्हटलं की गप्प बसणं हा पहिला उपाय वाटतोच. त्याला एवढंच विचार की पुढच्या हळदीकुंकवाला आणखी एक बाई असंच काही सांगायला आली, तर तेव्हा काय करायचं? आज तुला माहीत नव्हतं असं म्हणता येतं. यापुढं म्हणता येणार नाही.

आणि जाहिरात घेऊच नये का, असं तू विचारलं नाहीस तरी पुढं विचारशीलच. घे की. तवा घे, काटवट घे, मसाल्याचा डंका, ज्वारीचं पीठ, आपल्याच जिल्ह्यातली हळद घे. महिनाभर वापर, आवडलं तरच हो म्हण, आणि जे आवडलं नाही तेही सांगायची मुभा करारात लिहून घे. व्हिडिओ सुरू होतानाच तोंडानं सांग, ‘ही जाहिरात आहे, मला पैसे मिळाले आहेत’, आणि पडद्यावरही मराठीत, ठळक, मोकळ्या जागेत लिही. हॅशटॅगच्या ढिगाऱ्यात इंग्रजी शब्द लपवून चालत नाही, तुझ्या प्रेक्षकातल्या कितीतरी बायकांना तो वाचताही येणार नाही. औषध, काढा, वजन उतरवणं, पैसे दुप्पट करणारी ॲप या वाटेला जाऊ नकोस. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांची जाहिरात तर २०२५च्या कायद्यानं गुन्हाच आहे. ज्या कामात तुझा हात आहे तेवढ्याच कामात लोक तुझ्याकडे आलेत. ते काम काही छोटं नाही.

शेवटचं, पण करताना पहिलं. सासूबाई. त्यांच्या आजाराचं तू त्यांना न विचारता वाक्य केलंस, आणि त्या गेलं वर्षभर फोनवर तुझ्यासाठी ते वाक्य निभावताहेत. प्रत्येक ‘हो, फरक पडतो’ म्हणताना पलीकडं कोण आहे, त्या माणसाच्या गोळ्या चालू आहेत की नाहीत, हे त्यांना दिसत नाही. आज संध्याकाळी दिवाबत्ती झाली की त्यांच्याजवळ बस. नवऱ्याला बोलवायची गरज नाही. सांग की आई, आता फोन आला तर खरं सांगा. नाहीतर फोन माझ्याकडे द्या.

तुझी,
ताई